विमा कंपनीची सून

तुमच्या गाडीचा विमा कोणत्या कंपनीचा आहे आणि तीच कंपनी तुम्ही का निवडलीत, हे आत्ता, फोन न उघडता तुम्हाला सांगता येईल का? नाव कदाचित आठवेल. पण 'का' म्हटलं की भल्याभल्यांची जीभ अडते. शोरूमवाल्याने लावून दिला. मेव्हण्याचा मित्र एजंट आहे. जाहिरात बरी होती. चप्पल घेताना आपण चार दुकानं पालथी घालतो आणि इथे मात्र जो दारात येईल त्याच्या हातात मान देतो.

माझ्या घरी असं झालं नाही, त्याचं श्रेय माझं नाही. ते माझ्या आत्याचं, गोदात्याचं. तिने आयुष्यात गाडी चालवली नाही. रिक्षातसुद्धा ती दांडी घट्ट धरून बसते.

कुंभकोणमच्या मोठ्या बाजारामागे तिचं कॉफी दळून देण्याचं दुकान होतं. आता ते दुसऱ्याला चालवायला दिलंय, पण रोज सकाळी तिथे जाऊन यंत्राचा आवाज ऐकल्याशिवाय तिचा दिवस सुरू होत नाही. बिया दळून होईपर्यंत गिऱ्हाईक थांबतं आणि थांबलेलं गिऱ्हाईक बोलतं. जन्मभर तिने लोकांचं ऐकून घेतलं. मला ते जमत नाही. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझं उत्तर तयार असतं.

आम्ही इथले जुने मराठी. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. विठ्ठलाच्या भजनाला एका खोलीत मावतो एवढीच आता घरं उरलीत, त्यामुळे मुलामुलींची लग्नं जमवायची तर चेन्नई, कोइमतूर, बेंगळुरूकडची अनोळखी घरं बघावी लागतात. मग चौकशीला कोण जाणार? गोदात्या. मुलाच्या घरी ती आधी कधीच जात नाही. त्या गल्लीच्या तोंडाशी जी फुलवाली असेल तिच्याशेजारी बसते, देवळात प्रसाद वाटणाऱ्याशी बोलते, आणि शेवटी त्या घरात आधी आलेली एखादी सून शोधून काढते. थोरली नसेल तर काकाच्या मुलाची.

"सासूस विचारून काय उपेग?" ती म्हणते. "ती आपलं घर वाईट आहे म्हणून कशी सांगेल? आधीच्या सुनेस विचार. ती आजारी पडली तेव्हा कोण कसं वागलं, ते विचार. बाकी सारं शोभेचं."

आमची मराठी तुम्हाला जुनाट वाटेल. वाटू दे. तिने जमवलेली लग्नं टिकली आहेत.

आता माझ्या गाडीचं. माझे दोन्ही पाय लहानपणी पोलिओने गेले. गाडी मी हातांनी चालवते. स्टिअरिंगखाली एक दांडा बसवलाय, पुढे ढकलला की ब्रेक लागतो, खाली ओढला की वेग वाढतो. आरटीओत तशी रीतसर नोंद आहे. शाळा मी दहावीपर्यंत शिकले आणि कायदा टायपिंगच्या दुकानात बसून, दुसऱ्यांचे अर्ज वाचत शिकले. अपंगांचे दाखले, पेन्शन, सरकारी इमारतींचे रॅम्प, ह्यासाठी भांडणं हे माझं काम. ज्यांना घराबाहेर पडता येत नाही त्यांच्याकडे मीच जाते. तिरुवलंचुळी, तिरुक्करुगावूर, जिथून फोन येईल तिथे.

गाडी येण्याआधी मी बसने जात असे, म्हणजे लोक मला उचलून बसमध्ये ठेवत असत. कोण उचलणार, कुठे हात लावणार, हे माझ्या हातात नव्हतं. चांगली माणसंही होती. तरी उतरताना दर वेळी मी पदर नीट करत असे आणि कोणाकडे बघत नसे. मला त्या दिवसांत परत जायचं नव्हतं. विमा बघताना माझ्यापुरतं पणाला लागलेलं ते एवढंच होतं. गाडी बंद पडली तर मी बंद पडणार होते.

शोरूमने लावून दिलेला विमा संपत आला तेव्हा करण नावाचा एक एजंट घरी आला. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. बोलणं अर्थात तमिळमध्ये.

"मॅडम, आमचा फुल कव्हर घ्या. बंपर टू बंपर. काहीही झालं तरी कंपनी बघून घेईल. सही करा, विसरून जा."

गोदात्याने त्याच्यापुढे कॉफीचा डबरा, इकडची खोलगट वाटी, ठेवला आणि समोर बसली. "बाळा, तुमच्या घरची एखादी सून सांग."

"मामी, माझं लग्न व्हायचंय अजून."

"तुझी नव्हे. कंपनीची. जिची गाडी मोडली आणि तुम्ही पैसे दिले, अशी कोणी ह्या गावची. नाव सांग, मी जाऊन येते."

करण हसला. त्याने फोन काढला, कंपनीला लोकांनी दिलेल्या चांदण्या दाखवल्या, खाली लोकांनी लिहिलेलं कौतुक दाखवलं.

"हे सासूने काढलेले लग्नाचे फोटो झाले," गोदात्या म्हणाली. "ह्यात सगळेच हसतात."

मी मध्ये पडले. "ह्या दांड्याचं काय? तो कव्हरमध्ये आहे का?"

"सगळं आहे मॅडम."

"कागदावर कुठे लिहिलंय दाखवा."

त्याने कागद उलटसुलट केले. लिहिलेलं नव्हतं. मग म्हणाला, उगाच कशाला कळवायचं, कळवलं तर प्रीमियम वाढेल. मी त्याला काय बोलले ते इथे लिहीत नाही. तो गेल्यावर डबऱ्यात अर्धी कॉफी तशीच होती आणि त्याचं गोदात्याला जास्त वाईट वाटलं.

"सगळे चोर आहेत," मी म्हटलं. "नुसता थर्ड पार्टी घेते. कायद्याने तेवढा लागतो. बाकी माझं मी बघेन."

"थर्ड पार्टी म्हणजे काय गं?"

"मी कोणाला धडकले तर त्याचं नुकसान कंपनी भरते."

"आणि तुझं?"

मी खिडकीतून खाली उभ्या गाडीकडे बघितलं.

"चल," ती म्हणाली. "माझी पिशवी दे. सुना कोठे भेटतात ते मज ठाऊक आहे."

स्वामीमलैच्या रस्त्याला कृष्णकुमारचं गॅरेज आहे, सगळ्या कंपन्यांच्या गाड्या दुरुस्त करणारं. गोदात्याने त्याच्याकडून एक खुर्ची मागून घेतली, चिंचेच्या झाडाखाली मांडली, आणि चेपलेल्या, फुटलेल्या गाड्यांच्या मालकांची वाट बघत बसली. मी शेजारी गाडीतच, दार उघडं टाकून. कृष्णकुमारला आधी वाटलं, म्हातारी कुणाची तरी फिर्याद घेऊन आलीय. मग तिच्या पिशवीतून मुरुक्कूचा, म्हणजे इकडच्या चकल्यांचा, डबा निघाला आणि त्याचा संशय निवळला.

जो आला त्याला ती एकच गोष्ट विचारायची. गाडी कशी मोडली आणि कंपनी कशी वागली. बस्स. मग गप्प राहायची. तुम्ही कधी कोणापुढे असं गप्प राहून बघितलंय? माणूस आपोआप सांगतो.

शिवरंजनी नावाच्या एक शिक्षिका आल्या. त्यांची गाडी पावसात त्यांच्याच दारात पाण्यात उभी राहिली होती. पाणी ओसरलं, त्यांनी किल्ली फिरवली, आणि इंजिनात पाणी जाऊन ते जाम झालं.

"विमा होता ना?" मी विचारलं.

"होता की. कॉम्प्रिहेन्सिव्ह. आपलंही नुकसान भरणारा. पण इंजिनाचं वेगळं कव्हर घ्यायचं असतं, ते घेतलं नव्हतं. ते म्हणाले, पुराने जे खराब झालं ते देतो, किल्ली फिरवून जे खराब झालं ते नाही."

"हे घेताना सांगितलं नाही?"

"घेताना तुम्ही विचारलं होतं?" त्यांनी उलट मलाच विचारलं. आवाजात राग नव्हता, दमणूक होती.

दुसरे एक तांदळाचे व्यापारी. त्यांची तक्रार वेगळी. बंपर, दिवे, आरसे, प्लास्टिकच्या प्रत्येक तुकड्याची किंमत 'वापरून जुना झाला' म्हणून निम्मी धरली. मग कृष्णकुमारने सांगितलं की ती कापाकापी टाळायची तर झिरो डेप नावाची जोड घ्यावी लागते, आणि तीही गाडी जुनी झाली की बऱ्याच कंपन्या देत नाहीत. असं एकेक करत, मुरुक्कू खात, आम्हाला विम्याच्या पायऱ्या समजल्या. खालची फक्त दुसऱ्यासाठी. वरची आपल्यासाठीही, पण कापून. तिच्यावर जोडकव्हरं, ज्याला ज्याची भीती त्याने ते घ्यायचं.

घरी येताना गोदात्या म्हणाली, "तिथली अर्धी गाऱ्हाणी कंपन्यांची नव्हेत बघ. न विचारल्याची आहेत."

तरी कंपनी निवडायची होतीच. गॅरेजमध्ये ज्यांची नावं बरी निघाली अशी तीन स्थळं तिने काढली. हो, स्थळंच म्हणायची ती. मग मला फोन लावायला सांगितला, पण विमा विकतात त्या नंबरावर नाही. अपघात झाल्यावर करायचा असतो त्या.

पहिल्या स्थळी 'कृपया थांबा' म्हणून फोनवर बासरी वाजत राहिली. आमची भाजी चिरून झाली तरी बासरीच.

दुसऱ्या स्थळी एका बाईंनी फोन उचलला. मी दांड्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मॅडम, पण अपंगांना गाडी चालवायला परवानगी असते का?"

मी सुरू झाले. कायद्याचं नाव, कलम, आरटीओची नोंद, तिच्या वरिष्ठाचं नाव काय. गोदात्याने माझ्या हातातून फोन काढून घेतला, "ठेवते हं, अम्मा, दूध उतू जातंय," म्हणून बंद केला. चुलीवर दूध नव्हतं.

"ह्या घरी तू रोज भांडशील," ती म्हणाली. "भांडण जिंकशीलही. पण गाडी रस्त्यात उभी असताना तुज भांडायचं आहे का?"

तिसऱ्या कंपनीचं गावातच छोटं ऑफिस होतं. आम्ही गेलो. पहिल्या मजल्यावर. जिना अरुंद, लिफ्ट नाही, खाली रॅम्प नाही.

"मी ह्यांना धंदा देणार नाही," मी गाडीतूनच सांगितलं. "ज्यांच्या दारात मी चढू शकत नाही त्यांना माझा पैसा का? परत फिरू."

"बरं."

"बरं काय? बस गाडीत."

"तू बस. मी वर जाऊन नाही म्हणून येते. आलो ते न सांगता जाणं बरवं नव्हे."

ती जिन्याचा कठडा धरून गेली. मी खाली बसून त्या इमारतीविरुद्धचा अर्ज मनात लिहायला घेतला. पहिला परिच्छेद झाला असेल, तर गोदात्या उतरताना दिसली आणि तिच्यामागे चष्मा लावलेले एक गृहस्थ, हातात फाईल. चंद्रमौळी, तिथले अधिकारी.

"नमस्कार. जिना आहे, माझ्या हातचं नाही, पण लाजिरवाणं आहे," ते म्हणाले. "मामी म्हणतात गाडीला हाताचा ब्रेक-दांडा आहे. खरं सांगू का, अशा गाडीची पॉलिसी मी आजवर केलेली नाही. दांडा कसा नोंदवायचा मला माहीत नाही. बघू द्याल?"

त्या भर रस्त्यात ते माझ्या जागेवर बसले. मी बाजूच्या सीटवर सरकले. त्यांनी दांडा ढकलून बघितला, ओढून बघितला, फोटो काढले, आरटीओची नोंद बघितली. म्हणाले, तंजावूरच्या मोठ्या ऑफिसला विचारून लेखी कळवतो.

परत येताना मी कुरकुरले. ह्यांना काही माहीत नाही, शिवाय वेळ लावणार, शिवाय करणपेक्षा महाग.

"करणास सगळं माहीत होतं," गोदात्या म्हणाली. "हा माहीत नाही म्हणाला आणि खाली उतरला. मी मुलगी ह्या घरी देते."

उत्तर लेखी आलं. पॉलिसीत दांड्याची वेगळी ओळ, त्याची वेगळी किंमत. कॉम्प्रिहेन्सिव्ह, वर झिरो डेप, वर इंजिनाचं कव्हर. शिवरंजनीबाईंमुळे ते शेवटचं घेतल्याशिवाय गोदात्या ऐकेना. तिने मला एक गोष्ट पाठही करायला लावली, भजनासारखी. गाडी पाण्यात गेली तर किल्लीला हात लावायचा नाही. आधी फोटो, मग फोन.

पुढच्या कापणीच्या दिवसांत मी सुंदरपेरुमाळ कोयिलकडून येत होते. आमच्याकडे कापणी झाली की भात रस्त्यावरच वाळत घालतात, अर्धा रस्ता भाताचा आणि अर्धा आपला. समोरून ट्रॅक्टर आला, मी बाजूला घेतली, चाकं दाण्यांवर गेली आणि मी दांडा ढकलला तरी गाडी शांतपणे, जणू तिचं ठरलेलंच होतं अशी, घसरत कालव्यात उतरली. नाक पाण्यात. मला खरचटलंही नाही. पण दांडा दाराला लागून वाकला होता, आणि पायाशी पाणी येत होतं.

भात होता नागलक्ष्मी नावाच्या बाईचा. ती आणि शेतातल्या चौघी धावत आल्या. तिचा चेहरा पांढराफटक, आता ही पोलिसात जाणार म्हणून. मी दार उघडून सांगितलं, "मला चालता येत नाही."

तिने हात पुढे केले आणि थांबली. "कुठे धरू, सांगा."

एवढ्या वर्षांत मला उचलणाऱ्यांपैकी किती जणांनी हे विचारलं होतं, ते मी तिथेच मोजायला लागले आणि सोडून दिलं. मी सांगितलं कुठे धरायचं, आणि त्यांनी तसंच धरलं. बांधावर मला बसवलं. नागलक्ष्मी म्हणाली, "भातामुळे झालं, ताई."

"भात कुठे घालणार तुम्ही, माझ्या डोक्यावर? वाळवायला ओटे बांधून दिलेत का कोणी? त्याचा अर्ज आपण मिळून करू. आधी गाडी."

ट्रॅक्टरवाल्याने दोर बांधून गाडी वर ओढली आणि उत्साहाने आत चढला. "किल्ली द्या, चालू होते का बघू."

"हात लावू नको," मी ओरडले. एवढ्या मोठ्याने की नागलक्ष्मीच्या बकऱ्या पळाल्या. मग फोटो काढले. मग फोन लावला. दुसऱ्या रिंगला उचलला.

नुकसान तपासणारा कंपनीचा सर्व्हेअर दुसऱ्या दिवशी कृष्णकुमारच्या गॅरेजात आला. मी त्याच्याशी भांडायच्या तयारीत होते, पाठ केलेल्या कलमांसकट. त्याने वाकलेला दांडा बघितला, पॉलिसीतली ओळ बघितली, खूण केली आणि पुढच्या भागाकडे गेला. मला बोलायला काही ठेवलंच नाही. जरा चुकल्यासारखंच झालं. इंजिन उघडलं तेव्हा कळलं की आत पाणी शिरलं होतं. किल्ली फिरवली असती तर ते गेलंच असतं, आणि कव्हर असून वाद झाला असता तो वेगळा. न फिरवल्यामुळे साफसफाईवर भागलं. कंपनीने दुरुस्तीचे पैसे परस्पर गॅरेजला दिले. नियमाने माझ्या वाट्याचा थोडा भाग मी भरला.

मधल्या दिवसांत मी घरी होते. तिरुक्करुगावूरहून एका मुलीच्या दाखल्यासाठी तिच्या आईचा फोन आला, आणि मी पहिल्यांदाच 'पुढच्या आठवड्यात' म्हटलं. फोन ठेवल्यावर गोदात्याने माझ्याकडे बघितलं आणि कॉफी ठेवली. मी बसने जाऊ शकले असते. तिलाही ते माहीत होतं.

ज्या दिवशी गाडी आली त्या दिवशी आम्ही दोघी तिरुक्करुगावूरला गेलो. नवा दांडा जरा घट्ट होता. गोदात्या मागे बसली होती, वरची मूठ दोन्ही हातांनी धरून, डोळे मिटून.

"आत्या, उघड डोळे. सासर चांगलं निघालं तुझं."

"माझं कशास, तुझं," डोळे न उघडता ती म्हणाली. "हळू चालव."

त्या ऑफिसचा जिना अजून तसाच आहे आणि माझा त्याविरुद्धचा अर्जही चालू आहे. चंद्रमौळी त्यावर साक्षीदार म्हणून सही करायला तयार झाले, हे मी त्यांच्या खात्यात जमा धरते. आणि हेही सांगते की दर वर्षी नूतनीकरणाआधी गोदात्या पुन्हा गॅरेजात जाऊन बसते, कारण घरं बदलतात, म्हणते, चांगली सासू म्हातारी होते आणि कारभार दुसऱ्याच्या हाती जातो. आता आमच्या ओळखीतले अपंग, त्यांचे शेजारी, त्यांचे साडू, सगळे तिलाच विचारतात. ती कोणाला कंपनीचं नाव सांगत नाही. त्यांना घेऊन चिंचेखाली बसवते.

ज्यांचे आभार मानायचे माझ्याकडून राहिले त्यांत ती पहिली नाही, तिला मी रोज त्रास देऊन आभार मानते. शिवरंजनीबाई आहेत. स्वतःचं इंजिन गेल्याच्या दुःखात एका अनोळखी म्हातारीला त्यांनी सगळं नीट सांगितलं, आपली चूकसुद्धा. तेवढ्यावर माझी गाडी वाचली आणि मी बसच्या पायरीपासून वाचले. नंतर मी त्यांच्या शाळेत जाऊन आले. त्यांना ती दुपार आठवतही नव्हती. मुरुक्कू आठवत होते.

म्हणून तुम्हाला सांगायचं आहे ते विमा कोणता घ्या, हे नाही. कधी तुमची गाडी मोडून गॅरेजात उभी असेल, तुम्ही वैतागलेले असाल, आणि पिशवी घेतलेली कोणी बाई शेजारी येऊन विचारेल, गाडी कशी मोडली आणि कंपनी कशी वागली, तर तिला हाकलू नका. जरा थांबा, आणि झालं तसं, तुमच्याकडून विचारायचं राहिलं असेल त्यासकट, तिला सगळं सांगा.